वाढवून मिळालेली वर्षे



आपल्या मंडळ्यांतून वडीलधाऱ्या माणसांची संख्या वाढत आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. भक्तीच्या वेळी पुढच्या बाकांवर बसणाऱ्या आजीआजोबांपैकी कित्येकांनी सत्तरी ओलांडली आहे, काहींनी ऐंशीही पार केली आहे. त्यांच्या आजोबांच्या काळी साठी गाठलेला मनुष्य गावात बोटावर मोजण्याइतका असे. आपला देश स्वतंत्र झाला तेव्हा सरासरी आयुर्मान अवघे ३२ वर्षांच्या आसपास होते. आज ते ७०च्या घरात आहे. ही वाढ कोणत्याही चमत्कारिक गोळीने झालेली नाही. देवीची व घटसर्पाची लस, स्वच्छ पाणी, क्षयावरील औषधे, बाळंतिणीची नीट व्यवस्था आणि पोटाला पुरेसे अन्न यांनी ती घडवून आणली.

परंतु सांप्रत दोन प्रश्न वारंवार कानी पडतात. परदेशी नोकरीला असलेला मुलगा आईवडिलांना गोळ्यांची एक डबी पाठवितो आणि कळवितो की याने म्हातारपण मागे हटते. वडील पाळकसाहेबांना विचारतात, "घ्याव्यात काय?" शब्बाथ शाळेतील एखादा चुणचुणीत मुलगा शिक्षकांना विचारतो, "माणूस दीडशे वर्षे जगणार म्हणतात. हे देवाच्या इच्छेविरुद्ध नाही काय?" हे दोन्ही प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. त्यांच्यामागे जे विज्ञान आहे त्याची थोडी ओळख करून घेऊन मगच त्यांचा विचार करणे अगत्याचे आहे.

१. खमिरातून निघालेली गोष्ट

या संशोधनाचा उगम खमिरात आहे. भाकर फुगविणारे जे सूक्ष्म खमीर, त्याच्या पेशीला अंकुर फुटून नवी पेशी तयार होते. एका मातृपेशीला किती वेळा अंकुर फुटतात, हेच तिचे आयुष्य मोजण्याचे माप. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत डॉ. लेनर्ड ग्वारेंटे व त्यांचे विद्यार्थी या मापावर काम करीत होते. १९९९ साली मॅट केबरलाइन, मिच मॅकव्हे व ग्वारेंटे यांनी दाखवून दिले की खमिरात सर-२ नावाच्या जनुकाची एक जादा प्रत घातली, तर मातृपेशीचे आयुष्य सुमारे ३० टक्क्यांनी वाढते. पुढच्याच वर्षी, म्हणजे २००० साली, शिनइचिरो इमाई व ग्वारेंटे यांनी या जनुकापासून तयार होणारे विकर म्हणजे एन्झाइम नेमके काय काम करते, हे उलगडले.

ते काम एका साध्या दाखल्याने सांगता येईल. आपल्या पेशीतील जनुकांचा लांबच लांब धागा रिळांवर गुंडाळलेला असतो. जो भाग सैल असेल तो वाचला जातो व त्याप्रमाणे काम चालते. जो घट्ट गुंडाळला असेल तो गप्प राहतो. सर-२चे विकर रिळावरील एक रासायनिक खूण काढून टाकते, आणि धागा घट्ट बसतो. या कुळातील विकरांना सर्टुइन म्हणतात. माणसाच्या शरीरात त्यांचे सात प्रकार आहेत. काही पेशीच्या केंद्रात, काही ऊर्जा तयार करणाऱ्या कणांत आणि एक मुख्यतः बाहेरच्या द्रवात असते. रिळांखेरीज इतर अनेक प्रथिनांवरही ती काम करतात. त्यांच्या कामाला एनएडी नावाचे द्रव्य लागते. हे द्रव्य आपले शरीर अन्नातील नायसिनपासून, म्हणजे ब-३ जीवनसत्त्वापासून, तयार करते. वाचकांनी एनएडी हे नाव ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता यात दीर्घायुष्याचा संबंध कसा आला? १९३५ साली कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी उंदरांना पोषक परंतु बेताचेच अन्न देऊन पाहिले, तर ते जास्त जगले. दुष्काळाच्या वर्षी शहाणी गृहिणी नवे लुगडे, पाहुणचार, सणवार बाजूला ठेवते आणि आहे त्याची डागडुजी करते. अन्नाची टंचाई जाणवली की पेशीही तसेच करते, आणि ही डागडुजी करविणारी मुकादम मंडळी म्हणजे सर्टुइन, असा ग्वारेंटे यांचा सिद्धांत होता. तसे असेल तर उपाशी न राहताच या मुकादमाला कामाला लावणारे औषध मिळाले, की मधुमेह, हृदयरोग, विसराळूपणा अशा उतारवयातील कितीतरी रोगांवर एकदम इलाज होईल! कल्पना मोठी होती, आणि प्रामाणिकही होती.

२. आशेची किंमत

२००३ साली डेव्हिड सिंक्लेअर व कॉनराड हाउइट्झ यांच्या गटाने जाहीर केले की लाल द्राक्षांच्या सालीतील रेझ्व्हेराट्रॉल हे द्रव्य सर्टुइनला चेतविते आणि खमिराचे आयुष्य वाढविते. लाल द्राक्षारसात ते असते, एवढे कळताच वर्तमानपत्रांनी मद्याचे गुण गाण्यास सुरुवात केली. वस्तुतः पुढे २००६ साली उंदरांवर जो प्रयोग झाला, त्यातील मात्रा माणसाने मद्यातून घ्यायची ठरविली तर रोजच्या बाटल्यांचा हिशेब शेकड्यांत जातो. शिवाय त्या प्रयोगातील उंदीर चरबीयुक्त खाण्याने लठ्ठ केलेले होते. साध्या आहारावरील उंदरांचे आयुष्य रेझ्व्हेराट्रॉलने वाढत नाही, असे अमेरिकेतील सरकारी चाचण्यांत नंतर दिसले.

२००४ साली सर्ट्रिस नावाची कंपनी निघाली. २००८ साली ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या बड्या औषध कंपनीने ती सुमारे ७२ कोटी डॉलर देऊन विकत घेतली. मग उलट वारे वाहू लागले. २०१० साली फायझर कंपनीच्या संशोधकांनी प्रसिद्ध केले की रेझ्व्हेराट्रॉल आणि सर्ट्रिसची नवी संयुगे सर्टुइनला सरळ चेतवीत नाहीत. परीक्षेसाठी वापरलेल्या चमकणाऱ्या रंगद्रव्यामुळे तसा भास होतो. त्याच वर्षी मज्जेच्या कर्करोगाच्या रुग्णांवर चाललेली रेझ्व्हेराट्रॉलची एक चाचणी थांबवावी लागली, कारण काही रुग्णांची मूत्रपिंडे निकामी झाली. या रोगात मूत्रपिंडे आधीच नाजूक असतात हे खरे. पण म्हणूनच तेथे जपून पाऊल टाकणे भाग होते. २०११ साली लंडनमधील डेव्हिड जेम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की सर्टुइन वाढवून सूत्रकृमी व फळमाशी यांचे आयुष्य वाढल्याचे जे दिसत होते, ते तुलनेची दोन्ही कुळे सारखी करून घेतली की दिसेनासे होते. २०१३ साली ग्लॅक्सोने सर्ट्रिसचे स्वतंत्र कार्यालय बंद केले.

मग हे सारे थोतांड होते काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१२ साली इस्राएलमधील हाइम कोहेन यांच्या गटाने दाखविले की सहाव्या प्रकारचे सर्टुइन जास्त असलेले नर उंदीर अधिक जगतात. माद्यांमध्ये मात्र तो फरक दिसला नाही. २०१३ साली सिंक्लेअर यांच्या गटाने, काही विशिष्ट प्रथिनांच्या बाबतीत ही संयुगे रंगद्रव्यावाचूनही काम करतात, असे पुरावे मांडले. पण हेही आढळले आहे की तेच सर्टुइन एका गाठीला आवर घालते, तर दुसऱ्या गाठीला जगण्यास मदत करते. म्हणजे एका रोगात त्याला चेतवावे आणि दुसऱ्यात त्याला रोखावे असा हा नाजूक मामला आहे. "सर्टुइन वाढवा आणि तरुण राहा" इतके ते सोपे नाही.

या इतिहासात एक गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. २००५ साली रेझ्व्हेराट्रॉलच्या परीक्षेतील हा रंगद्रव्याचा प्रश्न ज्यांनी आरंभीच पुढे आणला, त्यांत मॅट केबरलाइन हेच होते. म्हणजे १९९९ साली ज्या तरुणाने सर्टुइनची महती जगाला दाखविली, त्यानेच सहा वर्षांनी आपल्या जुन्या विषयातील आवडती आशा तपासून पाहिली. अशी तपासणी करणे म्हणजे आशेचा घात करणे नव्हे. आजारी माणूस आशेवर जगतो, आणि म्हणूनच त्याला खोटी आशा विकणे हे त्याच्या उशाखालचे पैसे काढून घेण्यासारखे आहे. संशोधन फसले तर त्यात पाप नाही. हजार वाटा चोखाळल्यावाचून एक सापडत नाही. अर्धवट निष्कर्षाची डबी करून म्हाताऱ्या माणसाच्या हाती देणे यात मात्र दोष आहे, आणि तो प्रयोगशाळेपेक्षा बाजाराचा अधिक आहे.

तेव्हा त्या वडिलांना काय सांगावे? हे सांगावे की या गोळ्यांनी माणसाचे आयुष्य वाढल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही. आपल्या डॉक्टरांना डबी दाखविल्याखेरीज ती उघडू नये. रक्तदाबाची व मधुमेहाची जी औषधे चालू आहेत ती तिच्या भरवशावर सोडू नयेत. आणि मुलाला कळवावे की डबीपेक्षा पत्र व फोन यांची वाट अधिक पाहतो.

३. म्हातारपण हा रोग आहे काय?

आता दुसरा प्रश्न, जो त्या मुलाने विचारला. आपल्यापैकी काही जण चटकन उत्तर देतील की आयुष्याची दोरी देवाच्या हाती आहे, तिला माणसाने हात लावू नये. हे उत्तर ऐकायला भक्तीचे वाटते, पण ते टिकत नाही. हाच न्याय लावला असता तर देवीची लस टोचता आली नसती. १८९४ साली डॉ. वान्लेस यांनी मिरजेस रुग्णालय उघडले नसते. महारोग हा पूर्वजन्मीचा किंवा देवाचा कोप मानून रोग्याला गावाबाहेर काढणारे लोक हेच तर म्हणत होते! आपल्या मिशनांनी त्या रोग्यांच्या जखमा धुतल्या आणि पुढे औषध निघाले तेव्हा ते आनंदाने दिले. आजार बरा करणे देवाच्या इच्छेविरुद्ध नाही, ही गोष्ट आपल्याकडे वादाची राहिलेली नाही.

मग अडचण कोठे आहे? अडचण "बरे करणे" आणि "म्हातारे न होणे" यांची सरमिसळ करण्यात आहे. मधुमेह हा रोग आहे. आईला आपल्या मुलांची नावे आठवेनाशी होणे हा रोग आहे. सर्टुइनच्या अभ्यासातून यांतील एकावरही औषध निघाले, तर त्यासाठी आपण देवाचे आभार मानू आणि शास्त्रज्ञांचेही. परंतु केस पिकणे, चाल मंदावणे, आपल्या हातातील कामे दुसऱ्याच्या हाती जाणे, यांना रोग म्हटले की त्याबरोबर म्हातारा मनुष्यही एक रोगी, एक बिघाड होऊन बसतो. ज्या समाजात म्हातारपण हे केवळ दुरुस्त करण्याचे यंत्र ठरते, तेथे ज्यांची दुरुस्ती होऊ शकत नाही त्यांची किंमत काय राहील? अंथरुणाला खिळलेल्या आजीजवळ बसायला कोण जाईल?

यावर कोणी म्हणेल की हे दोन वेगळे करता येत नाहीत. वय वाढते म्हणूनच हे रोग होतात, तेव्हा मुळावर घाव घालणे हेच शहाणपण. हा आक्षेप वजनदार आहे. कर्करोग व हृदयरोग यांचे सर्वांत मोठे कारण वय हेच आहे, आणि मुळाचा शोध घेऊ नये असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे इतकेच की औषध कशासाठी हवे आहे हे आपण स्वतःला आधी विचारावे. वेदना कमी व्हावी, बुद्धी शाबूत राहावी, दुसऱ्याच्या उपयोगी पडता यावे, यासाठी हवे असेल तर ती इच्छा निर्मळ आहे. आपली खुर्ची कधीच सोडावी लागू नये यासाठी हवे असेल, तर त्या इच्छेला कोणतीही गोळी पुरी पडणार नाही.

४. एकच द्रव्य, दोन घरे

आता एनएडीकडे वळू. वय वाढते तसे शरीराच्या अनेक भागांत हे द्रव्य कमी होते असे आढळले, तेव्हा ते वाढविणाऱ्या महागड्या कॅप्सूल बाजारात आल्या. त्या ब-३ जीवनसत्त्वाचीच निरनिराळी रूपे आहेत. सधन देशांतील धडधाकट माणसे त्या विकत घेतात.

परंतु याच द्रव्याची दुसरी एक कहाणी आहे. शरीराला नायसिन मिळाले नाही आणि एनएडी तयार होईना, की पेलाग्रा नावाचा रोग होतो. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडून सोलते, जुलाब लागतात, बुद्धी भ्रमते, आणि उपचार न झाल्यास मनुष्य दगावतो. अमेरिकेच्या दक्षिण भागात विसाव्या शतकाच्या आरंभी मक्यावर जगणाऱ्या गरिबांत तो फार होता. १९१४ पासून डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी दाखवून दिले की हा रोग जंतूंचा नसून आहाराचा आहे. अनाथाश्रमांतील मुलांना दूध व मांस मिळू लागताच तो हटला. १९३७ साली कॉनराड एल्व्हेजेम यांनी त्यावरील द्रव्य ओळखले. ते नायसिनच होते.

आपल्या दख्खनच्या पठारावर तो रोग ज्वारीवर गुजराण करणाऱ्या मजुरांत होता. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी त्याचा अभ्यास केला आणि १९६० साली, ज्वारीतील ल्युसीन हे आम्ल जास्त असल्याने हा रोग बळावतो, असा सिद्धांत मांडला. पण दोष ज्वारीचा कसा म्हणावा? भाकरीच्या जोडीला डाळ, दूध, अंडे यांपैकी काहीच नव्हते, ही खरी गोष्ट. हैदराबाद, गुलबर्गा, सोलापूर या बाजूच्या आपल्या वाचकांना ती कोरडी भाकरी नव्याने सांगावयास नको. ताट जसजसे भरत गेले, तसतसा तो रोग मागे हटला. डॉ. गोपालन यांनी पुढे आपले सारे आयुष्य गरिबांच्या ताटात काय आहे याच विचारात घालविले. २०१९ साली त्यांचे निधन झाले तेव्हा ते शंभर वर्षांचे होते.

पाहा, द्रव्य एकच. एका घरी ते नव्हते म्हणून मजूर बाई चाळिशीतच मेली. दुसऱ्या घरी ते आहेच, पण ऐंशीचे शंभर व्हावेत म्हणून आणखी हवे आहे. श्रीमंतांचे संशोधन कालांतराने गरिबांपर्यंत झिरपते, असे कोणी म्हणेल, आणि तेही पुष्कळदा खरे ठरले आहे. इन्शुलिन व क्षयाची औषधे अशीच आपल्या सरकारी दवाखान्यांत पोहोचली. म्हणून सर्टुइनच्या प्रयोगशाळा बंद कराव्यात असा माझा आग्रह नाही. पण ज्या गोष्टी ठाऊक आहेत, स्वस्त आहेत, आणि तरी पोहोचलेल्या नाहीत, त्यांची वाट कोणी पाहावयाची? शेजारच्या वस्तीतील मुलीच्या अंगात रक्त कमी आहे, हे कळायला नवा शोध लागत नाही. आपल्या पैशाचा आणि लक्षाचा पहिला वाटा कोठे जातो, हा प्रश्न कंपन्यांइतकाच आपल्या दानपेटीलाही विचारण्यासारखा आहे.

५. हिज्कीया आणि बर्जिल्लय

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना या विषयावर पाठ घ्यावयाचा असेल, तर जुन्या करारातील दोन माणसे शेजारी उभी करावीत.

पहिला हिज्कीया राजा. त्याची गोष्ट २ राजे याच्या विसाव्या अध्यायात आहे. तो मरणाच्या दारी होता, रडला, त्याने प्रार्थना केली, आणि त्याला पंधरा वर्षे वाढवून मिळाली. लक्षात घ्या, प्रार्थनेचे उत्तर मिळाल्यावरही यशयाने गळवावर अंजिरांचा लेप लावावयास सांगितला. प्रार्थना आणि औषध यांचे तेथे भांडण नाही. पण पुढे काय झाले? बाबेलाहून वकील आले आणि राजाने त्यांना आपली सारी भांडारे मिरवून दाखविली. यशयाने बजावले की हे सर्व लुटले जाईल आणि तुझ्या वंशजांना बंदिवान करून नेतील. तेव्हा आपल्या हयातीत तरी शांती राहील, एवढ्यावर तो समाधानी झाला! वर्षे मिळाली होती, पण त्या वर्षांत पुढच्या पिढीची काळजी मावली नाही.

दुसरा बर्जिल्लय गिलादी. त्याची गोष्ट २ शमुवेल याच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. तो ऐंशी वर्षांचा होता. दावीद रानोमाळ झाला असता त्याने त्याला व त्याच्या माणसांना अन्न पुरविले होते. राजा परतताना म्हणाला, माझ्याबरोबर यरुशलेमेस चल, मी तुझा सांभाळ करीन. म्हाताऱ्याने आपली अवस्था लपविली नाही. जिभेला चव राहिली नाही, गाणे नीट ऐकू येत नाही, राजाला ओझे कशाला व्हावे, आईबापांच्या कबरेजवळच मरू द्यावे, असे त्याने सांगितले. आणि किम्हाम नावाच्या तरुणाला पुढे करून म्हणाला की माझ्याऐवजी याला ने.

मुलांना विचारावे: या दोघांत जास्त वर्षे कोणाला मिळाली, आणि मिळालेल्या वर्षांचे कोणी काय केले? मग त्यांना हेही विचारावे की बर्जिल्लयाला आज गुडघ्यांचे औषध किंवा कानाचे यंत्र मिळाले असते, तर त्याने ते घ्यावे काय? माझ्या मते त्याने ते आनंदाने घ्यावे, आणि राजाच्या पंक्तीला तरीही किम्हामालाच पाठवावे.

मंडळीतील वडीलधाऱ्यांनाही एक विनंती करावीशी वाटते. पंचकमिटी, शब्बाथ शाळा, महिला मंडळ यांत आपल्यानंतर कोण, याचा विचार आपण प्रकृती चांगली आहे तोवरच करावा. आणि तरुणांनी, येत्या रविवारी भक्ती सुटल्यावर, घरी पडून असलेल्या एका तरी वृद्धाकडे जाऊन अर्धा तास बसावे. जाताना डाळ, गूळ, अंडी, जे जमेल ते घेऊन जावे.